आधी कादंबरी वाचा, मग रान तुडवा

युद्धाची आवड आहे म्हटलं की लोक जरा वेगळ्याच नजरेने बघतात, जणू आपल्याला रक्तपाताची हौस आहे. असो. मला एवढंच कळून घ्यायचं असतं की तिथे उभ्या असलेल्या माणसाला नेमकं काय दिसत होतं. इतिहासाच्या पुस्तकात निळे-लाल चौकोन असतात, बाण असतात, सगळं वरून बघितलेलं. कादंबरी आपल्याला खाली उतरवते. स्टेंडाल या फ्रेंच लेखकाच्या 1839 च्या कादंबरीतला पोरगा वॉटर्लूच्या, म्हणजे बेल्जियममधल्या नेपोलियनच्या शेवटच्या लढाईच्या धुरात घोड्यावरून नुसता इकडेतिकडे फिरतो आणि नंतर त्याला प्रश्न पडतो की आपण लढाईत होतो की नव्हतो! स्टेंडाल स्वतः वॉटर्लूला नव्हता पण 1812 मध्ये नेपोलियनच्या फौजेबरोबर रशियात जाऊन आलेला होता, त्याला माहीत होतं की आत असलेल्याला काही कळत नाही.

पण कादंबरीवर सगळा भरवसा टाकायचा नाही हं. फ्रेंच लेखक व्हिक्टर ह्यूगो 1861 मध्ये वॉटर्लूला जाऊन राहिला, ‘ले मिझराब्ल’ ही कादंबरी तिथेच संपवली, आणि तरी त्यात फ्रेंच घोडदळ एका खोलगट रस्त्यात कोसळून गाडलं जातं असं रंगवलंय, जे बरंच फुगवलेलं आहे असं इतिहासकार म्हणतात. आता जाऊन तपासावं तर पंचाईत अशी की 1826 मध्ये तिथे सिंहाचा पुतळा असलेली सुमारे चाळीस मीटरची टेकडी उभी राहिली आणि तिची माती त्याच मैदानातून खणून काढलेली. नेपोलियनविरुद्ध लढणाऱ्या ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनने ज्या चढाच्या आड माणसं लपवली तो चढच खणून कमी केला. लोक 226 पायऱ्या चढून वर जातात, फोटो काढतात, वरून सगळं कसं स्वच्छ दिसतं, आणि 18 जून 1815 ला असं कुणालाच दिसलं नव्हतं! माझं ऐकाल तर आधी वर जाऊ नका. फ्रेंचांच्या बाजूने, ला बेल अलायन्स या जुन्या खानावळीकडून, शेतातल्या वाटेने चालत या, म्हणजे पलीकडे काय आहे ते किती उशिरा कळतं ते पायांनाच समजेल.

अमेरिकन यादवी युद्धातल्या गेटिसबर्गलाही तेच. 3 जुलै 1863 ला दक्षिणेच्या फौजेतल्या पिकेट या सेनापतीची माणसं ज्या पट्ट्यातून गेली तो साधारण मैलभराचा, नकाशावर सपाट, वाटतं वेडी होती का ही माणसं. चालायला लागलं की जमीन मध्येमध्ये खाली जाते, समोरचा चढ दिसेनासा होतो, दोन मिनिटं तुम्ही चक्क सुरक्षित असता, मग वर आलात की रस्त्याकडेचं कुंपण आणि समोर सगळं उघडं. त्या कुंपणावरून चढून जाताना माणूस किती वेळ टांगलेला राहत असेल, हा विचार मला खुर्चीत बसून कधी सुचला नव्हता.

फ्रान्समध्ये सॉमला, पहिल्या महायुद्धाच्या रणभूमीवर, मात्र दोन बाजूंच्या खंदकांमधलं अंतर इतकं कमी आहे की बघून चीड येते. तिथल्या बोमाँ-हामेल गावाजवळ 1 जुलै 1916 च्या सकाळी न्यूफाउंडलंडची (आताच्या कॅनडातलं बेट) साधारण 800 माणसं उतारावरून खाली निघाली, दुसऱ्या दिवशी हजेरीला 68. खंदक अजून आहेत, गवताने भरलेले, काही भागांत जायला बंदी आहे कारण खाली न फुटलेला दारूगोळा आहे. आसपासच्या शेतातही नांगरताना तोफगोळे निघतात आणि शेतकरी ते बांधाला ठेवून देतात, गंजून मातीचाच रंग आलेला असतो, दिसले तर हात लावू नका, फोटोसाठी सुद्धा नाही.