धबधब्याच्या काठचं ऊन पाणी

नमस्कार, श्रोतेहो.

आज ज्या गावाबद्दल बोलणार आहे, तिथे रेडिओ ऐकायचा तर आवाज बराच वाढवावा लागेल. ऑस्ट्रियातल्या आल्प्समधलं हे बाड गास्टाइन. गावाच्या ऐन मध्यातून धबधबा कोसळतो, तीन टप्पे मिळून ३४१ मीटर! दोन्ही कड्यांना उंचच उंच जुनी हॉटेलं चिकटलेली. झोपमोडीची तक्रार तरी कुणाकडे करणार? धबधबा आधीचा, हॉटेलं नंतरची.

धबधब्याचं पाणी बर्फगार, पण त्याच डोंगराच्या पोटातून सतरा-अठरा ऊन झरे निघतात. काहींचं पाणी ४५ अंशांच्याही वर. कोकणात आपण ज्यांना उन्हाळे म्हणतो, त्यांचेच हे भाऊबंद. जर्मन भाषेत 'बाड' म्हणजे स्नान. सोळाव्या शतकात पॅरासेल्सस या वैद्यानं या पाण्याबद्दल लिहिलं. पुढे राजेरजवाडे आले, १८२५ मध्ये संगीतकार शुबर्ट येऊन गेला. १८६५ च्या ऑगस्टमध्ये प्रशिया हे तेव्हाचं बलाढ्य जर्मन राज्य आणि ऑस्ट्रिया यांनी श्लेसविग आणि होल्स्टाइन या प्रांतांचा कारभार वाटून घेण्याचा करार केला, तोही इथेच. वर्षभरात दोघांचं युद्ध जुंपलं. आंघोळीनं डोकी काही थंड झाली नव्हती!

मला सगळ्यांत गंमत वाटते ती शेजारच्या ब्योकश्टाइनच्या बोगद्याची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथे सोन्यासाठी डोंगर पोखरला. सोनं हाती लागलं नाही, आत नुसता उकाडा. पण खाणकामगार म्हणू लागले, आमची सांधेदुखी कमी झाली! आतल्या हवेत रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू आहे. १९५२ पासून तिथे रीतसर उपचार सुरू झाले. छोट्या रेल्वेगाडीतून रुग्णांना आत नेतात आणि घाम निथळत पडून राहायला सांगतात. हाच रेडॉन घरात साठला तर फुप्फुसांना घातक ठरतो, त्यामुळे हौस म्हणून कुणी आत शिरू नये. डॉक्टरांना विचारूनच जावं.

मधल्या काळात इथली काही नामांकित हॉटेलं वर्षानुवर्षं बंद पडून होती. धबधब्याजवळचं श्ट्राउबिंगर २०२३ मध्ये पुन्हा उघडलं. हिवाळ्यात स्कीइंगवाले येतात. श्टुबनरकोगेल डोंगरावर १४० मीटर लांबीचा झुलता पूल आहे. पायांखाली जाळी, तेव्हा ज्यांना घेरी येते त्यांनी खालीच कॉफी घ्यावी.

आणि हो, या गावाशी आपलंही एक नातं आहे. १९३७ च्या हिवाळ्यात सुभाषचंद्र बोस प्रकृतीसाठी इथे राहिले होते. सोबत त्यांच्या सहकारी आणि जीवनसाथी एमिली शेंकल होत्या. त्या मुक्कामात सुभाषबाबूंनी आत्मचरित्र लिहायला घेतलं. बालपण, कटक, केंब्रिज इथपर्यंतची प्रकरणं झाली. फेब्रुवारीत ते हरिपुरा काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि पुढचं लिहायचं राहूनच गेलं.