पार्सल शेजाऱ्याकडे गेलंय? दार वाजवायच्या आधी हे ऐका

नमस्कार मंडळी. आज मी आमच्या वाड्याच्या जिन्यात बसून बोलतोय. वडोदरा, दांडिया बाजार. विषय याच जिन्यातला आहे म्हणून इथेच बसलो. आपलं पार्सल चुकून शेजाऱ्याच्या घरी गेलं, तर त्याच्याशी बोलायचं कसं?

(रिकामा खोका हातात घेऊन)

या खोक्यात माझ्या आईच्या साखर तपासायच्या पट्ट्या होत्या. ९५० रुपयांच्या. दुपारी एकच्या सुमारास फोनवर आलं, 'डिलिव्हर्ड'. आई घरातच होती, दार कुणी वाजवलं नव्हतं. ॲपमध्ये कुरिअरवाल्यानं काढलेला फोटो होता. त्यात हा खोका एका उंबऱ्याशी ठेवलेला, बाजूला हिरव्या दाराची खालची फळी. ते दार मी लहानपणापासून बघतोय. तळमजल्यावरच्या काकांचं.

मी कामावरून आलो, जेवलो, आणि रात्री दहा वाजता खाली गेलो. काकांनी दार उघडलं. मी म्हणालो, "काका, माझं पार्सल तुम्ही घेतलंत. फोटो आहे माझ्याकडे."

काकांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. झालं असं होतं की त्यांच्या सूनबाईंनी खोका आत घेतला, वर आडनाव तेच दिसलं, सासऱ्यांचं औषध असेल म्हणून कपाटावर ठेवला आणि संध्याकाळच्या गाडीनं त्या माहेरी नवसारीला गेल्या. काका एवढंच म्हणाले, "मी चोर आहे का रे?" आणि दार लावून घेतलं. तिसऱ्या दिवशी सूनबाई परतल्या आणि स्वतः वर येऊन खोका देऊन गेल्या. पट्ट्या मिळाल्या. पण काका पुढे दीड महिना माझ्याशी बोलले नाहीत. टाकी भरली की मोटर बंद करायला मला हाक मारायचे, तीही बंद झाली.

त्या वाक्यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. सगळा घोटाळा 'घेतलंत' या एका शब्दात होता. 'तुम्ही घेतलंत' म्हटलं की करणारा माणूस समोर उभा राहतो, आणि त्याला एकच उत्तर उरतं: मी नाही घेतलं. एकदा तसं बोलून गेल्यावर खोका घरात सापडला तरी तो बाहेर काढायची पंचाईत. आता हेच असं म्हणून बघा: "काका, माझं एक पार्सल चुकून तुमच्याकडे आलंय का, जरा बघता का?" इथे पार्सल आपलं आपण आलंय. चूक कुरिअरवाल्याची. काकांनी फक्त बघायचं आहे. ते आत जाऊन बघतील, सूनबाईंना फोन करतील, आणि खोका सापडला तर तो तुमच्या हातात देताना त्यांना कसलाही कमीपणा वाटणार नाही.

शेजारी गुजराती असतील तर आपल्या वडोदऱ्याच्या रिवाजाप्रमाणे त्यांच्याच भाषेत विचारा: "काकी, मारुं एक पार्सल भूलथी तमारे त्यां तो नथी आव्युं ने?" 'भूलथी' हा शब्द गाळू नका, निम्मं काम तोच करतो.

आणि वेळ बघा. रात्री दहा ही वेळ नव्हे. दुपारी दोन ते चार पोळात, म्हणजे आमच्या गल्लीत, माणसं आडवी झालेली असतात. सहा-सातला, दिवेलागणीच्या आसपास जा. शेजाऱ्याशी आधीच काही कुरबुर असेल, पाण्यावरून किंवा गाडी लावण्यावरून, तर स्वतः जाण्याचा हट्ट धरू नका. घरातलं ज्याचं त्यांच्याशी बरं आहे, त्याला पाठवा. आमच्याकडे आई गेली असती तर पाच मिनिटांचं काम होतं. पार्सलवर पैसे द्यायचे होते आणि शेजाऱ्यानं ते भरून खोका ठेवून घेतला असेल, तर आधी पैसे पुढे करा, मग खोका मागा.

व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकून 'हे कुणी उचललं?' असं विचारू नका. कृपा करून नका. दारावर विचारलेलं दोन माणसांत राहतं. ग्रुपवरचं चाळीस घरांत जातं आणि पार्सल परत आल्यावरही तसंच लिहिलेलं राहतं.

आता फोटोत दार त्यांचंच आहे आणि ते 'नाही आलं' म्हणतात, तर? एकदा शांतपणे फोटो दाखवा आणि म्हणा, "हे तुमच्या दाराशी ठेवून गेला बघा तो. दुसऱ्या कुणी उचललं असेल का?" खरंच दुसऱ्यानं उचललेलं असू शकतं, मुलं दारातच खेळत असतात. एवढं बोलून परत या. दुसऱ्यांदा दार वाजवू नका. इथून पुढचं काम कंपनीचं.

खरं तर कंपनीकडे तक्रार पहिल्याच दिवशी करून ठेवायला हवी. तिच्यात शेजाऱ्याचं नाव घालायचं नाही. 'पार्सल माझ्या हाती आलेलं नाही, कुणाला दिलं ते दाखवा' एवढंच लिहा. फोटो, वेळ, ओटीपी मागितला होता की नाही, सगळ्याचे स्क्रीनशॉट ठेवा आणि तक्रार क्रमांक घ्या. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्यानं ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याच्या आत ती निकाली काढायची. तसं झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. त्याच्याही पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही. आणि मावशीनं पुण्याहून कुरिअरनं काही पाठवलं असेल, तर कुरिअरची गिऱ्हाईक मावशी आहे. पावती तिच्याकडे, तक्रारही तिनंच करायची.

कंपनीनं पैसे परत केले आणि चार दिवसांनी शेजाऱ्याकडून खोका आला, तर कंपनीला कळवायचं. तो माल आता फुकट ठेवून घेण्याचा नाही.

कायद्याचं विचारणारे असतात, म्हणून सांगतो. चुकून हाती आलेली वस्तू परत करावीच लागते. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७२ तेच सांगतं. आणि दुसऱ्याची वस्तू आहे हे कळूनही बेइमानीनं ती वापरली किंवा दाबली, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४ लागू होतं. त्यात किमान ६ महिने ते २ वर्षं कैद आणि दंड आहे. पण 'बेइमानीनं' या शब्दाकडे नीट बघा. काकांच्या सूनबाईंनी समजुतीनं खोका आत घेतला, उघडला असता तरी तो गुन्हा नव्हता. ही कलमं माहीत असावीत, पण दारात उभं राहून ती ऐकवू नयेत असं माझं ठाम मत आहे. वस्तू खरोखर महागडी असेल आणि दुसरा काही इलाजच उरला नसेल, तेव्हा पोलिसांत अर्ज द्या.

उलटं झालं, दुसऱ्याचं पार्सल आपल्याकडे आलं, तर नाव-पत्ता पूर्ण वाचा. पूर्ण म्हणजे वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट. उघडू नका. वाड्यातलंच असेल तर त्याच संध्याकाळी नेऊन द्या. अनोळखी असेल तर ज्या कंपनीकडून आलंय तिला कळवा आणि ते नेईपर्यंत आपल्या वस्तूसारखं सांभाळा. मात्र कुणी फोन करून म्हणालं की 'तुमच्या नावानं चुकून पार्सल निघालंय, रद्द करायला ओटीपी सांगा', तर फोन ठेवून द्या. ती फसवणूक आहे.

आता ही अदलाबदल होते कशामुळे? आमच्यासारखे जुने वाडे भावाभावांत वाटले गेले. घर नंबर एक, आडनाव एक, चुली चार. त्यात पार्सलवर नावाचं पहिलं अक्षर आणि आडनाव एवढंच छापलेलं. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, आणि तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी, संस्कृतचे कवी. त्यातला पहिला ३ गुजरात-राजस्थानच्या पट्ट्यात आणतो, शेवटचे तीन आकडे आपल्या टपाल कार्यालयापर्यंत. तिथून दारापर्यंत माणसानंच वाचत यायचं असतं. २०२५ मध्ये टपाल खात्यानं डिजिपिन आणला, साधारण ४ मीटर बाय ४ मीटरच्या चौकोनाला दहा अक्षर-आकड्यांची खूण. चांगली सोय आहे. पण आमच्या जिन्यावर तीन दारं एकावर एक आहेत आणि तिन्हींचा चौकोन एकच.

म्हणून पत्ता लिहिताना मजला, जिना, दाराचा रंग सगळं लिहा. माझ्या पत्त्यात आता आहे: 'दुसरा मजला, जिना चढून उजवीकडचं निळं दार, खाली देऊ नये.'

काकांकडे मी अखेर गेलो. पार्सलचा विषय काढला नाही. "त्या रात्री मी तुमच्याशी नीट बोललो नाही, माझं चुकलं," एवढंच म्हणालो. ते जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "जिन्याखाली एक पाटी लाव. सगळ्यांची पूर्ण नावं, वडिलांच्या नावासकट, आणि मजला. मराठीत, गुजरातीत आणि इंग्रजीत." गुजराती अक्षरं त्यांनी स्वतः काढून दिली, त्यांचा हात वळणदार आहे. थांबा, कॅमेरा खाली वळवतो. ही बघा पाटी.