वाऱ्याआधी निघायचं

नमस्कार श्रोतेहो.

लांब पल्ल्याच्या सायकल सफरीचा विषय निघाला की लोक आधी चढांबद्दल विचारतात. एवढं सामान लादून घाट कसा चढता? दम लागत नाही का? लागतो ना. पण चढ डोळ्यांना दिसतो, त्याला माथा असतो आणि माथ्यापलीकडे बहुतेक वेळा उतार असतो. एकट्याने फिरणाऱ्या सायकलस्वाराला खरं छळतो तो समोरचा वारा. तो दिसत नाही आणि किती वेळ राहील ते सांगत नाही.

म्हणून माझ्या सफरीतल्या दिवसाचा एकच नियम आहे. वाऱ्याआधी निघायचं. पुन्हा सांगते, वाऱ्याआधी निघायचं. ऊन चढतं तशी जमीन तापते, जमिनीलगतची हवा वर उठते आणि वरचा वेगवान वारा खाली येऊन तिच्यात मिसळतो. मोकळ्या माळावर दुपारी वारा भणाणतो आणि सूर्य मावळल्यावर बहुधा पडतो, तो यामुळे. तंबू अंधारातच गुंडाळावा, बाटल्या भरून घ्याव्यात आणि फटफटलं की रस्त्याला लागावं. दिवसाचं निम्मं अंतर सकाळीच मागे पडलं पाहिजे.

आता थोडं गणित. समजा, तुम्ही ताशी १५ किलोमीटरने चालला आहात आणि समोरून ताशी २० किलोमीटरचा वारा आहे. तुमच्या छातीवर हवा ३५ च्या वेगाने येते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वारा नसताना होता त्याच्या पाचपटीहून जास्त झाला! चौघं बरोबर असली की आळीपाळीने पुढे राहता येतं, मागच्यांना आडोसा मिळतो. एकट्याला तो आडोसा कुठून मिळणार? एकट्याने वेळ निवडायची. वाऱ्याआधी निघायचं.

थॉमस स्टीव्हन्सचं नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. हा १८८४ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून उंच चाकाच्या सायकलवर पूर्वेकडे, जगाला वळसा घालायला निघाला आणि १८८६ च्या डिसेंबरमध्ये योकोहामाला पोहोचला. हवा भरलेले टायर डनलॉपने आणले ते १८८८ साली, त्यामुळे त्याच्या चाकांना भरीव रबर होतं. त्याच्याजवळचा रेनकोट हाच त्याचा तंबू आणि तेच अंथरूण. आणि १९६३ मध्ये युरोपातून दिल्लीपर्यंत एकटी आलेली आयर्लंडची डर्व्हला मर्फी! निघण्यापूर्वी तिने सायकलचे गिअर काढून टाकले, कारण पुढच्या रस्त्यांवर ते टिकणार नाहीत असं तिला वाटलं. मला ती बाई फार आवडते. आपल्याला रस्त्यात दुरुस्त करता येईल तेवढंच यंत्र बरोबर न्यावं, या मताची मी आहे. खरं तर मुलांच्या हाती सायकल देण्याआधी पंक्चर काढायला शिकवायला हवं. शाळेत इतकं काही शिकवतात, मग एक तास टायर लिव्हर आणि सोल्यूशनसाठी का नाही? हाताला काळं लागलेलं मूल पुढे बिघडलेल्या वस्तूला घाबरत नाही. असो.

मला आज सांगायची आहे ती एका दुपारची गोष्ट.

रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना माळ, झाडाचं नाव नाही. वारा थेट समोरून. सगळ्यात हलक्या गिअरवर, मान खाली घालून मी पेडल मारत होते. आणि मागून आवाज आला, टण्ण! ज्याने हा आवाज एकदा ऐकलाय तो विसरत नाही. स्पोक, म्हणजे चाकाची तार, तुटला होता. मागच्या चाकाचा, उजव्या बाजूचा. लादलेल्या सायकलचा बहुधा तिथलाच स्पोक तुटतो, कारण वजन मागे असतं आणि फ्रीव्हीलच्या, म्हणजे साखळी बसते त्या दातेरी चक्राच्या, बाजूचे स्पोक जास्त ताणलेले असतात. चाक लगेच आऊट झालं, म्हणजे वाकडं फिरू लागलं, आणि रिम ब्रेकला घासू लागली.

माझ्याजवळ जादा स्पोक होते. पण उजवीकडचा स्पोक घालायचा तर आधी फ्रीव्हील काढावं लागतं, आणि त्याला मोठा पान्हा लागतो. तेवढा जड पान्हा सफरीत कोण वाहून नेणार? मी पॅनियर, म्हणजे चाकाच्या दोन्ही बाजूंना लटकवलेल्या सामानाच्या पिशव्या, उतरवले, सायकल उलटी केली आणि स्पोकची चावी काढली. शेजारचे स्पोक थोडे सैल करून आऊट काढू लागले.

तेवढ्यात समोरून एक ठिपका आला. बघता बघता मोठा झाला. माझ्यासारखाच लादलेला सायकलस्वार! त्यांच्या पाठीवर वारा होता, पेडल जेमतेम फिरत होतं. साठीच्या पुढचे गृहस्थ, रापलेला चेहरा. त्यांची भाषा मला येत नव्हती, माझी त्यांना येत नव्हती. त्यांनी चाकाकडे पाहिलं, स्वतःची सायकल आडवी केली आणि हत्यारांच्या पिशवीतून बोटाएवढी डबी काढली. आत होता दोरीचा स्पोक! बुलेटप्रूफ जाकिटात असतो त्या जातीचा चिवट धागा. तो हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, भोकातून सरळ ओवता येतो, फ्रीव्हील काढावंच लागत नाही. दुसरं टोक निपलच्या, म्हणजे रिममध्ये स्पोक धरून ठेवणाऱ्या छोट्या नटाच्या, बाजूला बांधायचं आणि ताण द्यायचा. ते चाक हळूहळू फिरवत होते, मी ब्रेकच्या रबराकडे बघून चावी फिरवत होते. ब्रेकचं रबर हेच आमचं मोजमाप. रिम दोन्हीकडून सारखी दूर राहिली, तसे ते हसले.

मग ते खाली बसले आणि काटकीने धुळीत रस्ता काढला. एक वळण, एक पूल, पुलाच्या डाव्या हाताला पाणी. पाण्याजवळ हात गालाला लावून त्यांनी झोपल्याची खूण केली. आज तिथेच थांब. मग माझ्या रस्त्यावर समोरून येणारे बाण काढले, बरेच, आणि सूर्य उगवताना दाखवला. त्या सूर्यापाशी एकही बाण नव्हता. श्रोतेहो, माझा नियम मला त्या धुळीत भेटला. तोवर मी दुपारच्या वाऱ्याशी झुंजणं हा सफरीचा भागच धरून चालले होते.

मग काटकी मी घेतली. त्यांच्या वाटेवर, मी ओलांडून आले होते तो लाकडी पूल काढला आणि दोन फळ्या खोडून दाखवल्या. वारा पाठीवर असला की सायकल वेगात असते, म्हणून पुलाआधी उतरून चालणारा माणूसही काढला. त्यांनी दोनदा मान डोलावली. डबीचे पैसे देऊ केले, त्यांनी माझी मूठ मिटवली.

‘एकटीला भीती वाटत नाही का,’ असं मला सारखं विचारतात. वाटते, विशेषतः अंधार पडताना जागा ठरलेली नसली की. म्हणून उजेड असतानाच मुक्काम ठरवते. पण रस्त्यावर समोरून येणारा माणूस तुमचा उद्याचा दिवस जगून आलेला असतो आणि तुम्ही त्याचा. त्याला थांबवून विचारा. नकाशात पाणी आटलं की नाही ते कळत नाही, पुलाची फळी निखळलेली दिसत नाही. आणि कानात इअरफोन घालून सायकल चालवू नका, कळकळीने सांगते. तुटलेला स्पोक आधी कानाला कळतो.

त्या रात्री मी पुलाजवळ थांबले. पहाटे हवा अगदी स्थिर होती. आदल्या दुपारभर जेवढं गेले होते, त्याहून जास्त अंतर ऊन चढायच्या आत कापलं. पुढच्या गावात कारागिराने मोठा पान्हा लावून फ्रीव्हील उघडलं आणि खरा स्पोक बसवला.

तेव्हा निघण्यापूर्वी एवढं करा. एक दोरीचा स्पोक घ्या, त्याला वजनच नसतं. शिवाय मागच्या चाकाचे दोन-तीन स्पोक फ्रेमला टेप लावून ठेवा. मात्र उजव्या आणि डाव्या बाजूच्या स्पोकची लांबी बहुधा सारखी नसते, म्हणून दोन्हीकडचे मोजूनच घ्या. नमस्कार.