धर्म बाजूला ठेवून? अजिबात नाही! लायबेरियातल्या बायकांचं धरणं

नमस्कार मंडळी. मागच्या एका व्हिडिओत मी लायबेरियाबद्दल जेमतेम दोन वाक्यं बोलले होते. खाली कमेंट्सचा पाऊस, आणि प्रश्न एकच: "ताई, तिथल्या बायकांनी नवऱ्यांना जवळ येऊ दिलं नाही म्हणून युद्ध थांबलं म्हणे, खरं का?"

नाही. संपला विषय. ज्या बाईने नवऱ्यांपासून दूर राहायची ती घोषणा केली, त्या लेमा ग्बोवीच पुढे म्हणाल्या की त्याचा प्रत्यक्ष परिणाम फारसा नव्हता, पेपरवाल्यांचं लक्ष तेवढं वेधलं गेलं. आणि वीस वर्षांनंतरही लोकांना तेवढंच आठवतं! चिखलात बसून काढलेले महिने कुणालाच दिसत नाहीत.

पार्श्वभूमी पटापट सांगते. पश्चिम आफ्रिकेतला छोटा देश. १९८९ ते २००३ मध्ये दोन यादवी युद्धं, मृतांचा आकडा अडीच लाखांच्या आसपास सांगतात. दुसऱ्या युद्धात एकीकडे राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर, समोर बंडखोरांचे गट, हातात बंदुका दिलेली लहान लहान पोरं. इतकं पुरे.

आता माझी खरी तक्रार. एका दादांनी लिहिलंय, "त्या धर्म बाजूला ठेवून एकत्र आल्या, आपण कधी शिकणार?" दादा, लाईक केलंय तुमच्या कमेंटला, पण मुद्दा उलटा आहे. धर्म त्यांनी बाजूला ठेवलाच नाही. तो घेऊनच बसल्या.

सुरुवात बघा. लेमा ग्बोवी चर्चच्या कामात होत्या, युद्धात पोळलेल्या लोकांचं समुपदेशन करायच्या. त्यांना स्वप्न पडलं, आवाज आला: बायकांना गोळा कर, शांततेसाठी प्रार्थना करा. यावर त्यांना काय वाटलं असेल? की हे माझ्यासाठी नाहीच. मी दारू पिते, लग्नाशिवाय एका माणसाबरोबर राहते, देव मला कशाला सांगेल! मला ही बाई इथेच आवडली. तर ख्रिश्चन बायका राजधानी मन्रोव्हियाच्या सेंट पीटर्स लुथरन चर्चमध्ये जमल्या, आणि तिथे एक मुसलमान बाई उभी राहिली. असातू बाह केनेथ, पोलीस खात्यात होत्या. म्हणाल्या, मी आमच्या बायकांना घेऊन येते. चर्चमध्ये उभं राहून, बरं का.

काही ख्रिश्चन बायका कुरकुरल्याच. आपली श्रद्धा पातळ होईल म्हणाल्या. त्यावर उत्तर आलं: गोळीला कळतं का ख्रिश्चन कोण आणि मुसलमान कोण? या उत्तरात "तुमची श्रद्धा सोडा" असं कुठेय?

दुसऱ्या बाजूने बघा. कितीतरी महिने त्या शुक्रवारी मशिदीबाहेर, शनिवारी बाजारात आणि रविवारी चर्चबाहेर पत्रकं वाटत होत्या. वाचता न येणाऱ्यांसाठी पत्रकांवर चित्रं काढली होती. मशीद-चर्च वगळलं असतं, तर तीनातले दोन दिवस गेले असते! २००३च्या एप्रिलमध्ये त्या मन्रोव्हियाच्या मासळी बाजाराजवळच्या मैदानात बसल्या. टेलरच्या गाड्यांचा ताफा रोज तिथूनच जायचा. पांढरे टी-शर्ट, डोक्याला पांढरं फडकं, दागिना नाही, नटणं नाही. ऊन असो की धो धो पाऊस. आणि तिथे प्रार्थना दोन्ही व्हायच्या, ख्रिश्चनही आणि मुस्लिमही. "आपण सगळी माणसंच" असली मिळमिळीत तिसरी प्रार्थना त्यांनी शोधली नाही.

हे डोक्यात शिरत नसेल तर आमच्या सोसायटीचा किस्सा ऐका. लाउडस्पीकरवरून वाद पेटला होता. मीटिंगची सूचना लागली, खाली ठळक अक्षरात: "कृपया धर्म घरी ठेवून यावे." झालं! ज्यांच्या एका शब्दावर तीन मजले गप्प बसतात, त्या दोन काकू आल्याच नाहीत. एक रोज पोथी वाचणाऱ्या, दुसऱ्या पाच वेळा नमाज पढणाऱ्या. मीटिंगला आलो कोण, तर माझ्यासारखे, ज्यांचं कुणी ऐकत नाही. चहा झाला, समोसे झाले, वाद तिथेच.

तिसरी बाजू, आणि हीच लोक विसरतात. टेलर स्वतःला देवभक्त ख्रिश्चन म्हणवायचा. बंडखोरांच्या मोठ्या गटात मुसलमान बरेच. मग दोघांनाही टाळता येणार नाही असं दार कोणतं? पाद्री आणि इमाम. बायकांनी त्यांच्या मागे तगादा लावला. शिवाय तिथल्या चर्च-मंडळांनी आणि मुस्लिम परिषदेने १९९० मध्येच मिळून मध्यस्थी समिती काढली होती, म्हणजे वाट थोडी तुडवलेली होती.

आपल्याकडे पूर्वी सावकार कर्जदाराच्या दारात उपाशी धरणं धरून बसायचा ना, तसंच हे. फक्त येणं पैशाचं नव्हतं. मागणी एकच: लढाई थांबवा, बोलायला बसा. २३ एप्रिलला टेलरला त्यांना भेटावं लागलं.

जूनमध्ये घानात, अक्रा शहरात वाटाघाटी सुरू झाल्या. पुढारी मंडळी हॉटेलात आरामात, इकडे मन्रोव्हियावर तोफगोळे. जुलैमध्ये तिथे गेलेल्या बायकांनी सभागृहाचं दारच अडवलं, हातात हात गुंफून जमिनीवर बसल्या, करार होईपर्यंत कुणी बाहेर जायचं नाही! पहारेकरी अटक करायला आले तेव्हा ग्बोवी अंगावरचे कपडे उतरवू लागल्या. आपल्याला हे विचित्र वाटेल, पण तिकडे आईच्या वयाच्या बाईने असं करणं म्हणजे समोरच्या पुरुषांना शाप. पहारेकरी मागे हटले. मध्यस्थ, नायजेरियाचे माजी राष्ट्रप्रमुख अब्दुलसलामी अबुबकर, स्वतः बाहेर येऊन बोलले.

११ ऑगस्टला टेलरने पद सोडलं, १८ ला करार झाला. एकट्या बायकांनीच केलं असं मी म्हणत नाही, उगाच कमेंटमध्ये भांडू नका. टेलरवर शेजारच्या सिएरा लिओन देशातल्या युद्धगुन्ह्यांसाठी तिथल्या विशेष न्यायालयाचं आरोपपत्र होतं, बंडखोर राजधानीत घुसले होते, बाहेरच्या देशांचा दबाव होता. २०११ मध्ये ग्बोवींना शांततेचं नोबेल मिळालं, लायबेरियाच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष एलेन जॉन्सन सर्लीफ आणि येमेनच्या तवक्कुल करमान यांच्याबरोबर. आणि हो, २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांचं पहिलं फक्त महिलांचं पोलीस पथक मन्रोव्हियात उतरलं, ते आपलं होतं, सीआरपीएफच्या शंभरावर मुलींचं.

शेवटची एक कमेंट, तीच मला सगळ्यात टोचली. "शांतता आली, न्यायाचं काय?" टेलरला ५० वर्षांची शिक्षा झाली, पण ती सिएरा लिओनमधल्या गुन्ह्यांसाठी. आणि ते सेंट पीटर्स चर्च, जिथे असातू उभ्या राहिल्या? तिथेच जुलै १९९० मध्ये आसऱ्याला आलेल्या सुमारे ६०० लोकांना तेव्हाच्या सरकारच्या सैनिकांनी एका रात्रीत मारलं होतं. त्यासाठी २०२१ मध्ये अमेरिकेत, फिलाडेल्फियाच्या संघीय कोर्टाने दिवाणी खटल्यात लायबेरियाच्या एका माजी कर्नलला जबाबदार धरलं. युद्धगुन्ह्यांचं न्यायालय उभारायचं कार्यालय लायबेरियाने काढलं २०२४ मध्ये.