आधी सफरमैना, मग कमांडो

श्रोतेहो, नमस्कार.

नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून आलेल्या आपल्या फौजेनं असा झपाटा लावला, की तो शाबूत हाती लागला. निजामाच्या सैन्यानं तो उडवला असता, तर पहिली हाक गेली असती सफरमैनांना. सफरमैना म्हणजे पूल बांधणारे, सुरुंग काढणारे सैन्यातले इंजिनिअर सैनिक. ‘सॅपर्स अँड मायनर्स’चं हे आपल्या लोकांच्या जिभेवर घोळलेलं रूप. मला तर मूळ नावापेक्षा हेच आवडतं.

कमांडो म्हटलं की बंदूकवाला आठवतो. पण त्याला आधी अडवते ती तार, भिंत, नाहीतर जमिनीत पेरलेला सुरुंग.

२८ मार्च १९४२ ची रात्र. फ्रान्समधल्या सँ नाझेरची गोदी मोडायला ब्रिटिश कमांडो गेले. स्फोटकं भरलेलं जहाज गोदीच्या दरवाजावर आदळवलं, ते दुपारी फुटलं. त्या जहाजाचं नाव सगळे घेतात. पण पंपघर उडवायचं कसं, हे कमांडोंना शिकवलं होतं रॉयल इंजिनिअर्सच्या, म्हणजे ब्रिटिश सफरमैनांच्या, कॅप्टन बिल प्रिचर्डनं.

आपल्याकडे विहिरीला सुरुंग लावणारा मिस्त्री आधी खडकाची शीर बघतो, मग पहारीला हात घालतो. जागा चुकली तर कितीही दारू ठासा, नुसता धूर! प्रिचर्डची शिकवण तीच. कार्डिफ आणि साउथॅम्प्टनच्या गोद्यांत त्याच्या पोरांनी अंधारात सराव केला होता. तो स्वतः त्या रात्री मारला गेला. गोदी मात्र युद्ध संपेपर्यंत कामाला आली नाही.

आजही ब्रिटनमध्ये कमांडोंबरोबर जाणाऱ्या इंजिनिअर सैनिकाला कमांडोंची हिरवी टोपी फुकट मिळत नाही. शेवटची परीक्षा म्हणजे पाठीवर ओझं घेऊन आठ तासांत तीस मैल, म्हणजे ४८ किलोमीटर. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत येणाऱ्यांना विचारा, अंतर जवळपास तेवढंच. फॉकलंड बेटांवर १९८२ साली अर्जेंटिनाविरुद्धच्या युद्धात हेच सफरमैना मरीन कमांडोंसाठी सुरुंगांतून वाट काढत होते.

आणि आपले रामा राघोबा राणे, मूळचे कारवारकडचे, बॉम्बे सॅपर्सचे. कमांडो नव्हेत, रणगाड्यांना वाट करून देणारे. पण काम तेच. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे त्यांनी गोळीबारात काढले. परमवीर चक्र मिळालं.

तुमच्या गावात एखादा निवृत्त सफरमैना असेल, तर चहाला बोलवा. सुरुंगाला हात लावायच्या आधी तो काय बघतो, एवढंच विचारा.

नमस्कार.