उजेड अडवणारं बुबुळ

(दृश्य: कोल्हापूरचं शाहू मार्केट यार्ड, गुळाचे सौदे)

सकाळचे सौदे रंगात आलेत. गुळाच्या रव्यांभोवती अडते, खरेदीदार आणि हमालांची दाटी. भुवयांपर्यंत टोपी ओढून उभे आहेत, ते आण्णा. वजनाची चिठ्ठी वाचायची तर ती नाकाला टेकवावी लागते. छपराच्या फटीतून उन्हाची तिरीप आली, की डोळे घट्ट मिटून बाजूला सरकतात. हे कोड नव्हे. आण्णांना जन्मापासून अल्बिनिझम आहे. शरीरात मेलॅनिन हे रंगद्रव्य पुरेसं तयारच होत नाही.

(दृश्य: डोळ्यांची तपासणी)

आता नीट पाहा. खोलीत अंधार. स्लिट लॅम्प या तपासणीच्या दिव्याचा बारीक झोत बाहुलीतून आत जातो आणि अख्खं बुबुळ आतून तांबूस उजळतं. एरवी बुबुळ मेलॅनिनमुळे उजेड अडवतं, मधल्या बाहुलीतूनच आत सोडतं. आण्णांच्या डोळ्यात तो विरलेल्या धोतरातून यावा तसा सगळीकडून झिरपतो. ‘नाटकं करतोस’ म्हणून शाळेत छड्या खाल्लेला माणूस आज हे पडद्यावर पहिल्यांदा बघतोय.

(दृश्य: सिलिकॉनची चकती, शस्त्रक्रिया)

हे कृत्रिम बुबुळ. व्यास १२.८ मिलिमीटर. रुग्णाच्या डोळ्याचा फोटो समोर ठेवून रंग हातानं भरलेला. २०१८ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं याला मान्यता दिली, त्यात अल्बिनिझमचाही उल्लेख आहे. सर्जन आधी मोतीबिंदू काढून कृत्रिम भिंग बसवतात. मग चकती मापाला कापायची, गुंडाळायची, छोट्या छेदातून आत सरकवायची. मूळ बुबुळाच्या मागे ती हळूहळू उलगडते. मधलं छिद्र ३.३५ मिलिमीटरचं, कायम तेवढंच. अंधारात ते मोठं होत नाही.

मोतीबिंदू असेल, तरच याचा विचार करावा. लेकराच्या डोळ्यातलं स्वच्छ भिंग यासाठी काढू नये. आणि निव्वळ डोळ्यांचा रंग बदलायला बुबुळाच्या पुढे बसवतात त्या चकत्यांच्या वाटेला तर जाऊच नका. त्यानं काचबिंदू होऊन नजर गेलेली माणसं आहेत.

दिपणं कमी होऊ शकतं. नजर मात्र तीक्ष्ण होत नाही, कारण डोळ्याच्या पडद्याचा मध्यभाग जन्मतःच पुरता घडलेला नसतो.

(दृश्य: शाळेचा वर्ग)

आण्णांचा मोतीबिंदू अजून कोवळा आहे. डॉक्टरांनी थांबायला सांगितलंय. तोवर गडद चष्मा आणि टोपी. त्यांच्या पुतणीलाही अल्बिनिझम आहे. पहिला बाक, खिडकीकडे पाठ आणि वर्गात टोपी घालायची मुभा, एवढं तिच्या वडिलांनी मुख्याध्यापकांकडून यंदा लेखी घेतलंय.