मिक्सरवर मस्त, लाइव्हवर फाटका: डीजेचा आवाज ओबीएसमध्ये नेताना गेन कुठे बसवायचा

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न फिरून फिरून आलाय. "मिक्सरवर गाणं मस्त वाजतं, लाइव्ह गेलो की आवाज फाटतो. ओबीएसमध्ये कुठलं सेटिंग बदलू?" आज यावरच बोलू, कारण बहुतेक वेळा दुखणं ओबीएसमध्ये, म्हणजे लाइव्ह आणि रेकॉर्डिंग करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, नसतंच.

जोडणी पटकन सांगतो. मिक्सरच्या मागे 'रेक आउट' (रेकॉर्डिंगसाठीचा आउटपुट) असेल तर तिथून आरसीएची (लाल-पांढऱ्या पिनांच्या वायरची) जोडी काढा, ऑडिओ इंटरफेसच्या (आवाजाचे लॅपटॉपला समजणारे आकडे करणाऱ्या पेटीच्या) दोन लाइन इनपुटला लावा, इंटरफेस यूएसबीने लॅपटॉपला. ओबीएसमध्ये 'ऑडिओ इनपुट कॅप्चर' हा सोर्स घ्या आणि यादीतून इंटरफेस निवडा. सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा) इंटरफेस आणि ओबीएस, दोन्हीकडे एकच ठेवा, ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ. झालं.

रेक आउटच का? बऱ्याच मिक्सरवर तो मास्टरच्या नॉबला बांधलेला नसतो. खोलीतले स्पीकर कमी-जास्त करा, प्रेक्षकांचा आवाज हलत नाही. रेक आउट नसेल तर बूथ (डीजेच्या स्वतःच्या स्पीकरसाठीचा आउटपुट) घ्या. मास्टर अगदी शेवटी. आणि कृपा करून लॅपटॉपच्या माइकच्या जॅकमध्ये ती वायर घालू नका. ते इनपुट काही मिलिव्होल्टच्या माइकसाठी असतं आणि सहसा मोनो असतं. मिक्सरच्या लाइन आउटमधून त्याच्या कितीतरी पट सिग्नल येतो. प्रोफेशनल लाइन लेव्हल म्हणजे १.२३ व्होल्ट. बिचारं इनपुट काय करणार?

आता मूळ मुद्दा. आवाज ओबीएसमधून बाहेर पडेपर्यंत मुख्यतः तीन ठिकाणी कमी-जास्त होतो: मिक्सरच्या चॅनलचा ट्रिम (त्या चॅनलमध्ये येणाऱ्या आवाजाची पातळी ठरवणारा नॉब), इंटरफेसचा गेन (आत येणारा सिग्नल किती वाढवायचा ते) आणि ओबीएसचा स्लायडर. फाटतो तो जवळपास नेहमी पहिल्या दोन ठिकाणी. इंटरफेसमध्ये आवाजाचे आकडे होतात आणि त्या आकड्यांना वरची हद्द असते, ० डीबीएफएस. लाट तिच्या वर गेली की माथा सपाट कापला जातो. मग स्लायडर कितीही खाली ओढा, कापलेली लाटच लहान होऊन वाजते. फाटलेला आवाज हळू ऐकू येतो, एवढंच.

एका ताईंनी लिहिलंय, "माझं मीटर हिरव्यातच आहे, तरी फाटतंय." ताई, ओबीएसचं ते मीटर स्लायडरच्या नंतरची पातळी दाखवतं. स्लायडर खाली ओढलात म्हणून मीटर हिरवं दिसतंय, पण आवाज त्याआधीच इंटरफेसमध्ये कापला गेलाय. तुम्ही इंटरफेसवरचा दिवा बघा. तो लाल होत असेल तर तिथला गेन कमी करा. इंटरफेस हिरवा आणि मिक्सर लाल, असं असेल तर मिक्सरचा ट्रिम खाली घ्या.

करून बघायचं असेल तर असं करा. ओबीएसचा स्लायडर ० डीबीवर न्या आणि त्याला हात लावू नका. इंटरफेसचा गेन पूर्ण खाली. तुमच्याकडचं सगळ्यात दणदणीत गाणं लावा, ड्रॉपवर (गाण्याच्या सगळ्यात जोरकस भागावर) न्या, आणि दुसरं गाणंही सोबत चढवा. हे महत्त्वाचं आहे, कारण मिक्स करताना दोन गाण्यांची पातळी एकमेकांत मिळते. एका गाण्यावर गेन बसवलात तर पहिल्याच ट्रान्झिशनला फाटणार. आता गेन हळूहळू वाढवा. ओबीएसचं मीटर -२० ला पिवळं होतं, -९ ला लाल. सगळ्यात जोरकस भाग पिवळ्याच्या वरच्या टोकाला, -१० च्या आसपास पोचला की थांबा. मग लाइव्ह न जाता एक मिनिट रेकॉर्ड करा आणि हेडफोनवर ऐका.

"पण आवाज दणकून यायला हवा ना," असं म्हणणारे पुष्कळ आहेत. दणका हवा तर शेवटी ओबीएसमध्ये लिमिटर (ठरलेल्या हद्दीवर आवाज जाऊ न देणारा फिल्टर) लावा. मिक्सर लालमध्ये ठेवून किकचा (ड्रमच्या जाड ठोक्याचा) दणका वाढत नाही, उलट किक चपटी होते. हे मी दर व्हिडिओत सांगतो आणि सांगत राहणार.

मागे एका मित्राकडे वेगळीच गंमत दिसली. गाणं चालू, पण गायिका गायब, किकही पोकळ! दोन आरसीएची एक स्टिरिओ पिन करून त्याने ती इंटरफेसच्या एकाच बॅलन्स्ड इनपुटला लावली होती. असं इनपुट दोन तारांमधला फरक घेतं. गळा आणि किक दोन्ही बाजूंना सारखेच असतात, त्यामुळे वजाबाकीत शून्य होतात. दोन वेगळ्या मोनो पिना दोन वेगळ्या इनपुटला लावल्या, गायिका परत आली.

कंट्रोलरवाल्यांचा (लॅपटॉपचं डीजे सॉफ्टवेअर हाताने चालवणारं उपकरण वापरणाऱ्यांचा) प्रश्न: "डेस्कटॉप ऑडिओचं मीटर हलतच नाही." विंडोजवर डीजे सॉफ्टवेअर बहुधा एएसआयओ ड्रायव्हरने, म्हणजे विंडोजचा नेहमीचा मार्ग टाळून, थेट कंट्रोलरच्या साउंडकार्डला आवाज देतं, ओबीएसच्या 'डेस्कटॉप ऑडिओ'ला तो दिसत नाही. कंट्रोलरच्या मोकळ्या आउटमधून वायर काढून इंटरफेसला द्या, मला हाच मार्ग भरवशाचा वाटतो. मॅकवर ब्लॅकहोलसारखं व्हर्च्युअल उपकरणही (एका सॉफ्टवेअरचा आवाज दुसऱ्यात नेणारं) चालतं.

नॉइज सप्रेशन फक्त बोलायच्या माइकवर. गाण्यावर लावलंत तर ते हाय-हॅट आणि लांब सूर गोंगाट समजून खातं.

राहिला कॅमेरा. चित्र सहसा आवाजाच्या मागून येतं. बोलायचा माइक चालू ठेवून कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा, रेकॉर्डिंगमध्ये हात मिटतात कधी आणि आवाज येतो कधी ते बघा. आवाज आधी येत असेल तर 'ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज'मध्ये सिंक ऑफसेटला तेवढे मिलिसेकंद भरा. ३० फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम म्हणजे साधारण ३३ मिलिसेकंद. हाच आकडा माइक आणि मिक्सर, दोन्हीच्या रांगेत भरा.